प्रेशर साडेसहा, खाली स्वाक्षरी

आधीच सांगून टाकते. ह्यांना नोकरीत दोन वर्षं वाढवून मिळावीत ही इच्छा ह्यांच्यापेक्षा माझी जास्त होती. लोकांना वाटायचं, बिचारी नवऱ्याच्या मानासाठी झटते आहे. लोकांना काहीही वाटतं. मला माझ्या सकाळी हव्या होत्या.

मी कोर्टात एकतीस वर्षं टायपिस्ट होते. पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला रिकामं घर मिळालं. माहेरी आम्ही सहा भावंडं, सासरी दीर आणि नणंदा, मग स्वतःची दोन मुलं. एकटीनं एका खोलीत बसणं कसं असतं ते मला नोकरी संपल्यावर कळलं. हे सकाळी साडेसहाला डबा घेऊन बाहेर पडत आणि पाचच्या सुमारास परत येत. मधला सगळा वेळ माझा. घडी न मोडलेलं वर्तमानपत्र मी उघडायची. खिडकीतल्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची. वाटलं तर अकराला जेवायची, वाटलं तर दोनला, आणि तेही ओट्याशी उभी राहून, पातेल्यातूनच. "काय करतेस?" असं विचारायला कुणी नसायचं. ह्यांच्या आठवड्याच्या सुट्टीला हा प्रश्न मी दिवसातून वीस वेळा ऐकते. माणूस वाईट नाही. फक्त मी जिथे असते तिथे येऊन उभा राहतो.

आणि तीन महिन्यांनी हा माणूस कायमचा घरी येणार होता.

हे ब्लँकेटच्या कारखान्यात बॉयलर सांभाळतात. लोकर धुवायला, रंगवायला, वाळवायला वाफ लागते आणि ती वाफ अडतीस वर्षं ह्यांच्याकडून जाते. कारखान्यात ह्यांना सगळे वाफेमामा म्हणतात. साठ पूर्ण झाली की घरी बसायचं हा तिथला नियम, पण मॅनेजर मॅडमनी मनावर घेतलं तर दोन वर्षं वाढवून मिळतात. "माझ्याशिवाय तो बॉयलर पेटायचा नाही," असं हे म्हणायचे. "अगदी खरं आहे," असं मी म्हणायची. आमच्या संसारात ह्यांच्या कुठल्याही बोलण्याला मी इतक्या तत्परतेनं मान डोलावली नव्हती.

अशात कारखान्याचं पत्रक निघालं. एक तारखेपासून सगळे रिपोर्ट मोबाईलवरून, कारखान्याच्या ईमेलनंच पाठवायचे. वही बंद. ज्याच्या मोबाईलवर ईमेल चालू नसेल त्याच्या मुदतवाढीचा विचार होणार नाही. हे ते पत्रक चार घड्या घालून खिशातून घेऊन आले, टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "संपलं."

"काय संपलं?"

"अगं, मी मोबाईलवर हॅलो म्हणतो आणि ठेवून देतो. ठेवतानासुद्धा कधीकधी तो चालूच राहतो."

ते मला माहीत होतं. एकदा ह्यांच्या खिशातून मी पाऊण तास बॉयलरचा आवाज ऐकला आहे. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर खिडकीतली खुर्ची आली आणि तिच्यात हे बसलेले दिसले. "आणा इकडे," मी म्हणाले, "मी करून देते."

सुट्टीच्या दिवशी दुपारी दोन वाजता आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. ह्यांची बोटं व्हॉल्व्ह फिरवून फिरवून इतकी जाड झाली आहेत की एका बोटाखाली तीन अक्षरं येतात. त्यामुळे पत्रकातल्या सूचना ह्यांनी वाचायच्या आणि टाइप मी करायचं असं ठरलं. आमच्या घरातली ही जुनीच पद्धत आहे. मुलांच्या शाळेला चिठ्ठी असो की घरमालकाला पत्र, बोलायचं ह्यांनी आणि लिहायचं मी.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या मोठ्या कारकुनांनी मला समोर उभं करून सांगितलं होतं, "बाई, साक्षीदार बोलेल ते टाइप करायचं. तो चुकीचं बोलला तर चुकीचं. तो शिंकला तर 'साक्षीदार शिंकला'. विचार करायला वरती न्यायाधीश आहेत." हे मी इतकं अंगी बाणवलं की 'लिहा' हा शब्द कानावर पडला की माझी बोटं चालू लागतात, मेंदूला विचारायला थांबत नाहीत. बँकेत शेजारच्या खिडकीवर कुणी कुणाला "लिहा" म्हटलं तरी मी पेन शोधते. हा आजारच आहे, पण ह्याच आजारानं मला एकतीस वर्षांत एकही मेमो मिळाला नाही.

तर मी चष्मा लावला आणि कामाला सुरुवात केली. आधी पासवर्ड. हे म्हणाले, "बॉयलर टाक." टाकलं. फोननं लाल अक्षरांत सांगितलं, पासवर्ड कमकुवत आहे.

"कमकुवत?" हे खुर्चीतून अर्धे उठले. "अडतीस वर्षांत एक दिवस गळला नाही तो."

"तुमच्या बॉयलरला नाही म्हणत. शब्दाला म्हणतोय. त्यात आकडा हवा, मोठं अक्षर हवं आणि एक चिन्ह हवं."

ह्यांनी बराच विचार केला आणि बॉयलरवरच्या पितळी पाटीवर कोरलेला नंबर आणि त्याच्या आधीची अक्षरं जशीच्या तशी सांगितली, मधल्या आडव्या रेघेसकट. फोनला एकदम पटलं. हिरव्या अक्षरांत 'भक्कम' आलं. हे मागे टेकून बसले आणि पुढची पाच मिनिटं कुठल्याच सूचनेनं ह्यांचं समाधान ढळलं नाही.

मग फोन म्हणाला, तुम्ही तुम्हीच आहात हे पटवण्यासाठी तुमच्या ईमेलवर एक कोड पाठवला आहे, तो इथे टाका. ईमेल उघडायला कोड हवा आणि कोड ईमेलमध्ये. किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घेतल्यासारखं. मी माझ्या मोबाईलवरून कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागाला फोन लावला. त्या आठवड्यात तिथल्या माणसाला सुट्टीच्या दिवशीही फोनवर बसवलं होतं. त्याच्या आवाजावरूनच कळत होतं की सकाळपासून हा प्रश्न विचारणारी मी काही पहिली नव्हे.

कोड त्यानं तिकडून बघून सांगितला आणि विचारलं, "बाई, सर्व्हरचं नाव टाकलंत का?"

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला. "नाव सांगा की त्यांचं. कुठल्या खात्यात असतात?"

मग त्या माणसानं सोशिकपणे सांगितलं की सर्व्हर हे एक यंत्र आहे, त्याचे दोन भाग असतात, एकातून मेल आत येतात, दुसऱ्यातून बाहेर जातात, आणि दोन्हींचे पोर्ट वेगळे असतात. मला काही कळलं नाही. ह्यांचा चेहरा मात्र उजळला. "असं सांगा ना. एकीकडून पाणी आत, दुसरीकडून वाफ बाहेर. आणि पोर्ट म्हणजे व्हॉल्व्ह."

"हो," तो म्हणाला. तो कशालाही हो म्हणाला असता.

तिथून पुढे हे मलाच शिकवू लागले. "आतला व्हॉल्व्ह उघडलास का? मग बाहेरचा कसा चालेल?" दोन वेळा मी चुकीचे आकडे टाकले, तीन वेळा फोननं 'जोडणी होऊ शकली नाही' म्हणून सांगितलं आणि एकदा तो स्वतःच बंद झाला. हे माझ्या खांद्यामागे उभे राहून "काय झालं?" विचारत होते. काय झालं ते मला माहीत असतं तर मी ते होऊ दिलं नसतं, असं मी म्हणाले. हे म्हणाले, चिडायचं काय कारण आहे. मी म्हणाले, मी चिडलेली नाही. अशा तऱ्हेनं संध्याकाळचे सहा वाजले.

शेवटची पायरी उरली होती. फोनवर एक रिकामा चौकोन आला आणि वर शब्द होता, 'स्वाक्षरी'. हे तोपर्यंत खांद्यावर टॉवेल टाकून पंख्याखाली डोळे मिटून बसले होते.

"अहो, स्वाक्षरीत काय लिहू?"

"अगं, किती विचारशील?" ह्यांनी डोळे न उघडता म्हटलं. "लिही, आता तरी मला जरा सुखानं जगू द्या."

माझी बोटं चालली. पूर्णविरामासकट. 'जतन करा' दाबलं आणि त्याच क्षणी फोनमधून टिंग असा आवाज येऊन कारखान्याची पहिली मेल आली. हे टॉवेल सोडून धावत आले. आम्ही दोघं त्या मेलकडे नातवाचं तोंड पाहावं तसे पाहत राहिलो. त्या आनंदात मी काय लिहिलं ते माझ्या डोक्यातून साफ गेलं.

त्याचं असं आहे, की त्या चौकोनात जे लिहाल ते पुढे तुमच्या प्रत्येक मेलच्या खाली आपोआप चिकटतं. मला हे ठाऊक नव्हतं. ह्यांना तर नव्हतंच. आणि ह्यांना दिसण्याचीही सोय नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी ह्यांनी आपल्या जाड बोटांसाठी माझ्याकडून सगळी अक्षरं वाढवून घेतली, ती इतकी की पडद्यावर एका वेळी तीन ओळी मावत. खाली काय आहे ते बघायची ह्यांना गरजच पडली नाही. तीन ओळींचा रिपोर्ट झाला की हे पाठवायचा बाण दाबत.

एक तारखेपासून दिवसातून तीनदा ह्यांचा रिपोर्ट मॅनेजर मॅडमना, रंगखात्याला, सेफ्टी ऑफिसरला आणि आणखी नऊ जणांना जाऊ लागला:

'सकाळी सात. प्रेशर साडेसहा किलो. पाणी अर्धी काच.

आता तरी मला जरा सुखानं जगू द्या.'

तीन-चार दिवसांतच हे घरी येऊन सांगू लागले की कारखान्यात ह्यांचा मान वाढला आहे. रंगखात्याचा मुकादम एरवी दर तासाला "वाफ कुठाय" म्हणून बोंब ठोकायचा, तो आता स्वतः चालत येऊन विचारतो, "मामा, तुम्हाला त्रास होणार नसेल तर थोडी वाढवता का?" कॅन्टीनवाला चहा बॉयलरपर्यंत आणून देतो. सेफ्टी ऑफिसरनं शेजारी बसून चौकशी केली, घरी सगळं ठीक आहे ना, झोप लागते ना, कुणाशी बोलावंसं वाटलं तर मी आहे.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, घरी एकदम ठीक. बायको सगळं बघते." हे कौतुकानं हसले. "तर तो माझ्या पाठीवर थोपटून गेला. अगं, ईमेलची किमयाच वेगळी. वहीत लिहीत होतो तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं."

मी खूश होते. आता मुदतवाढ कुठे जात नाही, असं मी मनात म्हणत होते आणि खिडकीतल्या खुर्चीला नवीन उशी शिवायला घेतली होती.

तिसऱ्या आठवड्यात अर्ज करायची वेळ आली. हे बोलले, मी फोनवर टाइप केलं. अर्ज झकास झाला. तब्येत उत्तम आहे, कामाचा उत्साह पहिल्या दिवसासारखाच आहे, बॉयलरची नस न् नस मला ठाऊक आहे, तरी आणखी दोन वर्षं सेवा करण्याची संधी द्यावी ही नम्र विनंती. मी बाण दाबला. हे हात धुवायला गेले. कोर्टात कागद गेला की त्याची स्थळप्रत वाचून मगच फाइलला लावायची मला सवय होती, म्हणून मी पाठवलेल्या मेलच्या यादीत जाऊन अर्ज उघडला आणि खालपर्यंत वाचत गेले.

'…ही नम्र विनंती.

आता तरी मला जरा सुखानं जगू द्या.'

मला दरदरून घाम फुटला. मी आदला रिपोर्ट उघडला. त्याच्या आधीचा उघडला. सगळ्यांखाली तेच, माझ्याच टायपिंगमधलं, ठसठशीत. चाळीस-पन्नास रिपोर्ट, बारा-बारा माणसांना. मुकादमाचा नरमपणा, कॅन्टीनचा चहा, पाठीवरची थाप, सगळ्याचा उलगडा मला एका दमात झाला. मी सेटिंगमध्ये जाऊन ती ओळ पुसली. मग कॉम्प्युटर विभागातल्या माणसाला फोन करून विचारलं, गेलेली मेल परत बोलावता येते का? तो म्हणाला, समोरच्यानं उघडली नसेल तर. आणि बघून म्हणाला, "मॅडमनी उघडलीय, बाई."

ह्यांना मी ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी हे गेल्यावर मी कागदावर सुवाच्य अक्षरात शुद्धिपत्र लिहिलं: 'कालच्या अर्जातील शेवटची ओळ लेखनिकाच्या चुकीने पडली असून ती रद्द समजावी.' एकतीस वर्षांत मी स्वतःच्या नावावर चूक घेतलेली नव्हती. पण दोन वर्षांच्या सकाळींसाठी ती मी घ्यायला तयार होते. दहा वाजता मी कारखान्याच्या फाटकाशी होते.

मॅनेजर मॅडम चाळिशीच्या, बारीक अंगाच्या. ह्यांचा अर्ज छापून त्यांनी समोरच ठेवला होता. "बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "मीच तुम्हाला फोन करणार होते. आज सकाळच्या रिपोर्टखाली ती ओळ नाही. मी इतकी घाबरले, सेफ्टी ऑफिसरना पळत पाठवलं. मामा निवांत भाकडकथा सांगत बसले होते."

मी शुद्धिपत्राची घडी हातात धरली. त्यांनी अर्ज माझ्याकडे वळवला.

"मी हा तीनदा वाचला. वर म्हणतात, दोन वर्षं द्या. खाली म्हणतात, जगू द्या. मी कुठलं धरू?"

"वरचं धरा. खालचं चुकून पडलंय. फोनवर ईमेल लावताना माझ्याकडून टाइप झालं."

"म्हणजे ते असं बोललेच नाहीत?"

नाही म्हणायचं होतं. एवढासा शब्द, आणि सगळं मिटलं असतं. पण ज्या बाईनं साक्षीदाराची शिंकसुद्धा सोडली नाही तिच्या तोंडून तो निघेना. मी घसा खाकरला. तेवढ्यात मॅडम उठल्या. "चला, त्यांनाच विचारू. तुम्ही बॉयलर पाहिलाय का कधी?"

नव्हता पाहिला. अडतीस वर्षांत कधी वेळच आली नव्हती. ह्यांच्या सांगण्यावरून माझ्या मनात एक चित्र होतं: एक स्टूल, त्यावर हे, समोर घड्याळासारखा काटा. "काम काय असतं त्यात," हे नेहमी म्हणत. "एकदा पेटला की तो चालतो, मी बसून असतो."

दारातच गरम हवेनं तोंडावर थप्पड मारली. आत इतका आवाज होता की मॅडम काय बोलल्या ते मला कळलं नाही. स्टूल होतं, पण त्यावर हातमोजे पडलेले होते. हे भिंतीला लावलेल्या लोखंडी शिडीवर होते, आमच्याकडे पाठ करून. वर कुठलातरी व्हॉल्व्ह होता. हे एक पाय वरच्या पायरीवर ठेवायचे आणि दुसरा हातानं उचलून त्याच्याशेजारी आणायचे, पायजम्याला धरून. अर्ध्यावर गेल्यावर ह्यांनी कपाळ शिडीला टेकवलं आणि तसेच थांबले. मी मनात आकडे मोजले, तीसपर्यंत गेले. मग हे पुन्हा चढू लागले.

"दिवसातून किती वेळा?" मी मॅडमच्या कानाशी ओरडून विचारलं.

"दर तासाला," त्या ओरडल्या.

मी हातातल्या शुद्धिपत्राच्या आणखी दोन घड्या घातल्या आणि ते पर्समध्ये तळाशी ढकललं. "बोलले होते," मी ओरडून म्हणाले. "शब्दशः. टायपिंगमध्ये चूक नाही."

हे खाली उतरले, वळले आणि मला पाहून जागच्या जागी थिजले. घरी आग लागली असं ह्यांना वाटलं असावं. मॅडम आम्हाला दोघांना बाहेरच्या व्हरांड्यात घेऊन आल्या आणि अर्ज ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी चष्मा लावून खालची ओळ वाचली. कान लाल झाले. मग गेल्या तीन आठवड्यांचा मान कुठून आला होता तेही ह्यांच्या ध्यानात आलं असणार, कारण ते कान आणखी लाल झाले.

"मामा, हे तुम्ही म्हणालात का?"

"मला आठवत नाही," हे म्हणाले. "पण हिनं लिहिलंय ना, मग म्हटलं असणार. हिचं चुकत नाही."

"मग मला नीट सांगा, तुम्हाला काय हवंय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असेल अशा नजरेनं पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "त्यांच्याकडे नका बघू." हे जमिनीकडे पाहू लागले आणि म्हणाले, "उद्या सांगतो."

पाळी सुटेपर्यंत मी फाटकाजवळच्या बाकावर बसून राहिले. साडेचारला हे डबा घेऊन बाहेर आले आणि आम्ही कारखान्याच्या लांबलचक भिंतीकडेनं घरी चालायला लागलो. भिंत अर्धी संपली.

"चिडून बोललो असेन गं," हे म्हणाले.

"चिडूनच बोललात. शिडीला किती पायऱ्या आहेत?"

"एकवीस."

"आणि घरी सांगता बसून असतो."

"बसतो की. मध्ये मध्ये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "गुडघा इतका गेलाय, मग अर्ज कशाला केलात? कुणी डोक्यावर बंदूक धरली होती?"

हे डबा ह्या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "तुझ्यासाठी."

"मला काय हवंय त्यातलं?"

"अगं, सुट्टीच्या दिवशी तू भांडी आपटतेस. मी स्वयंपाकघरात आलो की तू बाहेरच्या खोलीत जातेस. बाहेर आलो की आत. मी काही बोलत नाही, पण मला दिसतं. बॉयलरवरच्या पाण्याच्या काचेकडे बघून आत काय चाललंय ते ओळखायचं हेच तर काम केलंय मी." ह्यांचा आवाज अगदी साधा होता, त्यात तक्रार नव्हती. "म्हटलं, अजून दोन वर्षं हिला मिळू देत. गुडघ्याचं काय, तो जायचाच आहे."

मला भर रस्त्यात रडू आलं. लाज वाटली म्हणून आलं, आणि मी ह्यांच्यापासून इतक्या हुशारीनं लपवलेली गोष्ट ह्यांना इतकी वर्षं माहीत होती म्हणूनही आलं. हे घाबरून इकडेतिकडे बघू लागले. मी पदरानं तोंड पुसलं आणि जे कुणालाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. "मला सकाळी एकटीला घर लागतं. तुमचा राग नाही, तुमचा कंटाळा नाही. पण लागतं. जन्मभर मिळालं नाही हो ते मला."

"मग सांगायचं ना," हे म्हणाले.

"कसं सांगणार? नवऱ्याला कोण म्हणतं, घरी येऊ नका?"

ह्यांनी हा प्रश्न मनावर घेतला. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत विचार केला. "मी उद्या मॅडमना नाही म्हणून सांगतो," हे म्हणाले, "आणि दोन महिन्यांनी सकाळी उठून बाहेर पडत जाईन. नेहमीसारखाच. सात ते बारा."

"कुठे जाणार तुम्ही?"

"कुठेही. बाक असेल तिथे."

आमच्या दारापर्यंत चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर हे थांबले आणि एक हात गुडघ्यावर ठेवून दुसऱ्यानं कठडा धरला. आतापर्यंत हा माणूस रोज इथे थांबत असणार, आणि मी रोज आत चहाचं आधण ठेवून, आता हे येणार म्हणून कपाळाला आठ्या घालत असणार. मी ह्यांच्या हातातला डबा काढून घेतला आणि ह्यांच्या काखेखाली हात घातला.

"सात ते बारा म्हणजे फार होतं," मी म्हणाले. "नऊ ते अकरा पुरे."